काळं म्हणजे रिकामं

सोमवार, ७ एप्रिल २०२५

आले बाई एकदाची सोलापुरात! नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. त्यांचं नाव ईरम्मा. मराठी बोलता बोलता त्या मध्येच कानडीत शिरतात, मी नुसती मान डोलावते. खोलीचं दार पूर्वेला उघडतं. सकाळी ऊन थेट अंथरुणात येतं, पण संध्याकाळी सूर्य घरामागे जातो आणि दारापुढे गार सावली. एप्रिलच्या सोलापुरात आणखी काय पाहिजे?

धरणाकाठच्या आमच्या गावी, सोनाआत्याला फोन केला. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. तिला मी आणि मला ती, बाकी कुणी नाही. जेवलीस का, हे तिनं नेहमीसारखं तीनदा विचारलं. मग बजावलं, "तितं कुणी वळकीचं न्हाय. मी आल्याबिगर दार उघडायचं न्हाय, सांगून ठेवते."

बुधवार, ९ एप्रिल

काम समजलं. उजनी धरण भरायच्या आधी, बहात्तर साली, विमानातून काढलेले दोनशे बारा फोटो. ते स्कॅन करून आलेत आणि मी ते आजच्या नकाशावर नेमके बसवायचे. बसवताना सॉफ्टवेअर फोटो थोडा फिरवतं, थोडा ताणतं. मग चारी कडांना काळ्या पट्ट्या उरतात आणि शेजारच्या फोटोवर चढून बसतात. गोधडीच्या ठिगळाची कड दुमडायची राहून गेली की दिसते तसं.

यावर महेश्वर सरांचा उपाय असा, की प्रत्येक फोटोभोवती हातानं रेघ मारायची आणि रेघेबाहेरचं काळं कापून टाकायचं. एका फोटोला अर्धा तास. सर आमच्या दोन माणसांच्या ऑफिसचे साहेब. चहासुद्धा फुंकून फुंकून पितात.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज आमचं जुनं गाव सापडलं! पाण्याखाली गेलेलं, मी कधीच न पाहिलेलं. मारुतीचं देऊळ, वेस, आणि देवळामागे आमचं खळं.

आत्या लहानपणापासून मला सांगत आलीय, की ईमान, म्हणजे विमान, आलं तेव्हा नऊ वर्षांची ती, तिचा चुलतभाऊ धोंडीराम आणि शेजारची शिवबाई खळ्यावर उभी राहून वर बघत होती. फोटो मोठा केला तर सारवलेल्या पांढऱ्या खळ्यावर मुंगीएवढ्या तीन काळ्या रेघा! इतक्या उंचावरून माणसं दिसत नाहीत, त्यांच्या सावल्या दिसतात. मी ऑफिसात टाळीच वाजवली. फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, "शेवटची, कडंची, ती मी. मी लाजत हुते."

मंगळवार, १५ एप्रिल

तीन दिवस रेघा मारून माझी बोटं दुखली आणि डोकं उठलं. तेव्हा युक्ती काढली. सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक छटेला एक आकडा असतो. पूर्ण काळ्याचा आकडा शून्य. मी त्याला सांगितलं, शून्य दिसलं की तिथं काहीच नाही असं समज. एका तासात दोनशे बारा फोटोंच्या कडा स्वच्छ! जागा संपत आली होती, म्हणून जुन्या फोटोंवरच नवे लिहिले. मूळ स्कॅनची डिस्क सरांनी शनिवारीच परत पाठवलीय, टेबल मोकळं झालं.

गुरुवार, १७ एप्रिल

सरांनी शांतपणे विचारलं, विहिरी कुठं गेल्या?

कडा गेल्याच, पण फोटोच्या आत जे जे पूर्ण काळं होतं तेही गेलं. विहिरींचं पाणी, आंब्याखालची दाट सावली, घरांची उघडी दारं. सगळीकडे भोकं पडलीत आणि भोकांतून खालचा आजचा नकाशा दिसतोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच सर म्हणाले. डिस्क परत मागवायला महिना लागेल.

खळं पाहिलं. तीन पोरांच्या जागी तीन भोकं, आणि तिन्हींतून धरणाचं निळं पाणी.

शनिवार, १९ एप्रिल

धोंडीरामकाका नाहीसे झालेत. सकाळी मोटार चालू करायला पाण्याकाठी गेले ते परतलेच नाहीत. मोटार चालू, चपला काठावर. होडीवाल्यांनी तळ ढवळला, काही लागलं नाही. आत्या फोनवर रडत होती. मग हळूच म्हणाली, "काल उनात उबा हुता गं. पर खाली सावली पडत न्हवती. मी कुनाला बोलले न्हाय."

मीही त्या भोकांचं कुणाला बोलले नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

शिवबाई. भर दुपारी अंगणात गहू निवडत बसली होती. सून पाण्याचा तांब्या आणायला आत गेली, तेवढ्यात. सूप तिथंच. अंगण ठणठणीत कोरडं, फक्त ती बसली होती तेवढी जमीन ओली.

खळ्यावरच्याच क्रमानं चाललंय. आधी धोंडीरामकाका, मग शिवबाई. आता कडेची.

आत्याला फोनवर म्हटलं, उन्हात जा, पायाखाली बघ. ती हसली, मग गेली. किती तरी वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाली, "हाय की."

आत्या माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. ऑफिसच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडले. हे मी केलंय.

बुधवार, २३ एप्रिल

सकाळपासून आत्या फोन उचलत नाही. तिच्या शेजारच्या रेश्माला पाठवलं. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी करपलेली, आत्या नाही. चुलीपुढची जमीन ओली.

सर यायच्या आत ऑफिस गाठलं. कडेच्या भोकापाशी सावली परत काढली. शून्य नाही, एक. डोळ्याला तितकंच काळं, पण सॉफ्टवेअर त्याला रिकामं म्हणणार नाही. नऊ चौकोनी ठिपके. घाईघाईत कसेबसे बसवले. बाकीच्या दोघांचं नंतर — आधी आत्या.

चार मिनिटांत रेश्माचा फोन. आत्या काठावर उभी आहे! नखशिखांत ओली, पण आहे! मी देवापुढे नारळ बोलले. रेश्मा पुढं काही तरी सांगत होती, आत्याची सावली बघून पोरं पळाली म्हणून — फोन कट झाला.

गुरुवार, २४ एप्रिल

आत्याशी बोलले. आवाज तिचाच. जेवलीस का, हे एकदाही विचारलं नाही. फक्त विचारलं, तुझ्या खोलीचं दार कुठल्या अंगाला.

मी सांगितलं. का सांगितलं?

फोटो पुन्हा उघडला. तो सकाळचा आहे. देवळाची, झाडांची, सगळ्यांची सावली पश्चिमेला. मी आत्याची काढली पूर्वेला. उन्हाच्याच दिशेला. दुरुस्त करायला गेले तर ठिपके खळ्यावर नाहीत. तिथं नुसती भोकं. शोधत शोधत — ते फोटोच्या कडेला आहेत. सोलापूरच्या अंगाच्या कडेला.

शुक्रवार, २५ एप्रिल

रेश्मा म्हणते, आत्या काल दुपारीच चालत निघाली. अनवाणी. पाठीमागे ओली पावलं, भर उन्हात वाळत नव्हती.

ठिपके आता शेवटच्या फोटोत. शेवटच्या कडेवर. पुसायला गेले — माउस धरला — पुसले तर आत्या पुन्हा — नाही पुसवलं मला.

त्यापुढे फोटोच नाहीत.

शनिवार, २६ एप्रिल. संध्याकाळचे साडेपाच

ईरम्मा देवळात गेल्यात. दारावर थाप. आत्याचा आवाज, दार उघड म्हणते. मी हाय, म्हणते.

सूर्य घरामागे आहे. दारापुढे ऊन नाही. तरी दाराखालच्या फटीतून सावली आत येतेय — फरशीवर — नऊ वर्षांच्या पोरीएवढी — कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. चौकोन मोजले. नऊ. मीच काढलेले.

हात नाहीत तिला. मी काढलेच नव्हते —

मग दार वाजतंय कशानं —

थांबलं.

आता विचारते, जेवलीस का. अगदी तशीच. देवा, अगदी आत्यासारखी —

आत्या तीनदा विचारते. तीनदा विचारलं तर ती आत्याच. दुसऱ्यांदा विचारलं. फरशी ओली झालीय, वहीपर्यंत आलंय पाणी. तिसऱ्यांदा विचारलं तर मी कडी —