खंडेनवमीचं पिस्तूल

६ सप्टेंबर १९८६, शनिवार. पार्सिपनी, अमेरिका
आमच्या मराठी ग्रुपातल्या कांचनकडे चोरी झाली. टीव्ही तसाच ठेवला, तांदळाच्या डब्यातलं सोनं मात्र बरोबर शोधून नेलं. आजच्या पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा) सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी जाहीर केलं: दर शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये पिस्तुलाचं बेसिक ट्रेनिंग. परमिट आहे, पिस्तूल आहे, एनसीसीचा अनुभव आहे (पाच गोळ्या, १९६१). शैलेंद्र म्हणाला, तोही अधूनमधून शूटिंग रेंजवर जातो. विचारलं होतं कोणी?
हा माझी बायको वीणा हिच्या ऑफिसातला. वय तीस. मला काका म्हणतो आणि माझ्या बायकोला वहिनी. हे कुठलं नातं?

१३ सप्टेंबर
पहिला क्लास. वीणा धरून पाच विद्यार्थी. 'शस्त्र आणि मराठी माणूस' यावर दीड तास बोललो. पिस्तूल निघालं नाही, पेटीची किल्ली सापडेना. कोणी एक ओळ लिहून घेतली नाही. शेवटी शैलेंद्र म्हणाला, पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं, बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवायचं. सगळ्यांनी लिहून घेतलं! मी ते तिसऱ्या लेक्चरला सांगणार होतो.

२० सप्टेंबर
किल्ली सापडली (वीणाला). पिस्तूल घेऊन वर्गाकडे वळलो, तर कांचनचा नवरा चंद्रशेखर थेट सोफ्यामागे. रिकामं होतं! शैलेंद्रने माझं मनगट धरून नळी हळूच जमिनीकडे केली. माझ्या बेसमेंटमध्ये माझं मनगट! नंतर वीणा म्हणाली, किती छान समजावतो ना तो. अठरा वर्षांच्या संसारात हे वाक्य मला एकदाही मिळालेलं नाही.
मी जळत नाही. फक्त नोंद करतोय.

२७ सप्टेंबर, सकाळ
संकल्प: शैलेंद्रला चहा बंद.

संध्याकाळ
वीणाने त्याच्यासाठी साबुदाणा वडे केले. मला तळलेलं बंद आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
खंडेनवमी. इथे मात्र बाजी मारली. पिस्तुलाची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, अक्षता, परसातला झेंडू. सगळ्यांनी हात जोडले, त्यानेसुद्धा. जाताना म्हणाला, काका, रेंजवर न्यायच्या आधी नीट साफ करा. पूजेतलं शस्त्र पुसतात होय? संस्कारच नाहीत.

१८ ऑक्टोबर
रेंज. बुकिंग शैलेंद्रचं, पहिला मान माझा. गोळी सुटेना. तिथल्या गोऱ्या इन्स्ट्रक्टरने पिस्तूल काढून घेतलं, उघडलं. आधी अक्षता निघाल्या, मग झेंडूची पाकळी. हे काय, असं त्याने विचारलं. शैलेंद्रने समजावलं. छान समजावलं. मला 'बिगिनर' लिहिलेला पिवळा बिल्ला लावून काचेमागे बसवलं.
तिथून पाहिलं. वीणाच्या पाचही गोळ्या मधल्या वर्तुळात. ती हसत मागे वळली, ती शैलेंद्रकडे. माझ्याकडे नाही.
जळतोय. लिहून टाकलं एकदाचं.

८ नोव्हेंबर
आनंदाची बातमी! शैलेंद्रची बदली, थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. परवा गेला. सकाळीच फळा पुसला, नवे खडू काढले, दीड तासाचं लेक्चर तयार केलं.
चार वाजता कळलं, जाताना तो क्लास वीणाच्या हवाली करून गेलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीची किल्लीही आता तिच्याचकडे. मी एक शंका काढली, तर म्हणाली, अहो, हात वर करून विचारा. केला वर. उत्तर वहीत लिहून घेतलं.
खरंच छान समजावते. अठरा वर्षांत हे वाक्य मीही तिला कधी दिलेलं नाही. आज द्यायचंच ठरवून वर गेलो.
फोन एंगेज होता. वीणा क्युपर्टिनोला क्लासचा रिपोर्ट देत होती.