मागच्या रांगेतली जशू

३ फेब्रुवारी
सकाळच्या बसने धोराजीहून जामनगरला पोचले. वजुभाईंच्या फोटो स्टुडिओत नोकरी, वरच्या माळ्यावर खोली, आणि त्यांच्या बायकोच्या, मंजुकाकींच्या, हातचा मसालेदार चहा. आणखी काय हवं? कामही आवडीचं. कॉम्प्युटरवर फोटो घ्यायचा, हवं तेवढंच उजळायचं, नको ते गडद करायचं. वजुभाई म्हणाले, "नवरीला चांदणी कर, बेन, पण सासूला काळी ठेवू नकोस. अल्बम पहिला तीच बघते!" दुपारी घुघरे, इथल्या तिखट करंज्या, मागवले. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसत सुटले.

५ फेब्रुवारी
बांधणीचे व्यापारी छबीलभाई आले होते. घरच्या अंगणात दिवाळीला काढलेला फोटो मोठा करून हवाय. मागच्या रांगेत त्यांच्या धाकट्या भावाची बायको, जशू. ती कुणाबरोबर तरी पळून गेली म्हणे, म्हणून फोटोत नको. मी म्हटलं, पुसूनच टाकते. वजुभाई म्हणाले, तशाने मध्येच भोक दिसेल, त्यापेक्षा मागच्या सावलीत मिसळून टाक. ब्रश फिरवत गेले. आधी ओढणी, मग हात, मग चेहरा. डोळे मिटवताना मात्र उगाच कसंसं झालं.

६ फेब्रुवारी
फोटो उघडला तर जशू जशीच्या तशी उजळ. सेव्ह करायला विसरले असेन. पुन्हा गडद केली. धोराजीच्या पाण्यात विसराळूपणा असतो का, असं वजुभाईंनी विचारून घेतलं.

७ फेब्रुवारी
पुन्हा तेच. आणि आज ती मागच्या रांगेत नाही, थेट छबीलभाईंच्या पाठीशी उभी आहे. ओढणी ओलीचिंब. वजुभाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
संध्याकाळी छबीलभाई आले. ती पुन्हा पुन्हा दिसतेय, एवढंच मी सांगितलं.
"अजून कितीदा बुजवायची तिला?" ते किंचाळले. मग हसले. फोटोतून म्हणतोय, बेन, फोटोतून.
मला हसता आलं नाही.

८ फेब्रुवारी
आज तिला गडद करायला हात धजेना. उलट उजळत गेले. गळ्यावर बोटांचे वळ. नजर खाली, अंगणाकडे. तिथेही ब्रश फिरवला. अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. दिवाळीच्या फोटोत त्यावर लोखंडी झाकण होतं. आता तोंड लिंपलेलं. सिमेंट ताजं—
वजुभाईंना दाखवलं. ते घामाघूम झाले. उद्या पोलिसांत जातो म्हणाले.

९ फेब्रुवारी, दुपार
वजुभाई पोलिसांना घेऊन त्या घरी गेलेत. मंजुकाकी देवळात. मी एकटीच.
फोटोत जशू नाही. तिच्या जागी नुसतं रिकामं अंगण. बाकीचे अजून हसतायत—

छबील आलाय. शटर आतून ओढून घेतलं त्याने. मी आतल्या खोलीत, कडी लावून. फोन बाहेर टेबलावर राहिला. दाराच्या काचेतून छबील दिसतोय.
"दार उघड, बेन. मी काही करणार नाही. फोटो दे फक्त." आवाज किती गोड—
दाराला खांदा लावलाय. कडी हलतेय—

लादीवर पावलं. ओली. अनवाणी. त्याच्या पायांत तर बूट—
त्याला अजून कळलं नाही. ओरडून सांगावं, मागे बघ—
नाही. नाही सांगणार.
तिचा हात त्याच्या ग—