रिकामी ज्योत

मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८३४

खानापुराहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आज अणशीजवळच्या खाणीवर दगड तपासायच्या कामाला पोचलो. जागा झकास. स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीने आल्या आल्या ताक दिलं. ती इथल्याच कुणब्यांतली. माझ्यासारख्या जेमतेम शाळा पाहिलेल्या म्हाताऱ्याला खाणीच्या साहेबांनी यंत्र समजावलं. दगडाची पूड तारेच्या टोकावर घ्यायची, स्पिरिटच्या ज्योतीत धरायची, की दुर्बिणीत रंगीत रेघा उमटतात. ज्या त्या धातूची रेघ ठरलेली. या यंत्राला भारीच सोवळं लागतं बुवा. खिडक्यांना काळे पडदे. तार तेजाबात बुडवून पुन्हा पुन्हा भाजायची. बोट लावायचं नाही, घामातल्या मिठानंसुद्धा पिवळी रेघ उठते. वाफ नाकात जाऊ नये म्हणून दार किलकिलं. आणि पुडीआधी नुसती ज्योत पाहायची. ती रिकामी दिसली, तरच पुढचं खरं.

शुद्ध ५

हात बसला. चुनखडीत नारिंगी रेघ दिसते आणि जरा पलीकडे हिरवी, नवराबायको बसल्यासारखी. पार्वती भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "दिसभर नळकांड्यात डोळा. आत बायकू बसलीया व्हय, बाबा?" मी हसलो. तिला कुठं ठाऊक, आमची ही आश्विनात तापानं गेली ते. शेवटी पाणी मागत होती. राख मलप्रभेत सोडली. चिमूटभर मात्र हिच्या कुंकवाच्या करंड्यात मागे ठेवली.

शुद्ध ६

पार्वतीची थट्टा डोक्यातून जाईना. राखेचा कण तारेवर घेतला. नारिंगी, हिरवी. हाडांत चुनाच असतो, मला कळतं. तरी हिच्या हातातला हिरवा चुडा दिसला. पिवळीही पेटली, माझीच आसवं तारेवर पडली असणार.

शुद्ध ९

रोज थोडी थोडी जाळतो. आज तार धुतली, भाजली, मग नवीच घेतली. स्पिरिट बदललं. नुसत्या ज्योतीतही जोडी तशीच. साहेबांनी डोळा लावला, त्यांना ज्योत रिकामी दिसली.

शुद्ध १०

पार्वती दाराशीच थबकली. आत चितेचा वास येतो म्हणाली. सगळं सांगितलं, तशी खालीच बसली. चिमूट मागं ठेवली म्हणजे बाई अर्धीच गेली, म्हणाली. "आन् उरलेलीला तुमी रोज जाळताय. तिला भाजत न्हाई व्हय, बाबा?" उरलेली राख काळी नदीत सोडा, म्हणजे सुटेल बिचारी, असं म्हणाली. कबूल केलं. उद्या नक्की. फक्त एकदा शेवटचं बघून—

शुद्ध ११

नदीवर गेलो. करंडा उघडला. तळाला कुंकवाचा डाग, बाकी काही नाही. होती नव्हती ती काल तारेवर गेली. सोडायला काही उरलंच नाही. पार्वती काठावर उभी होती. पदर डोळ्याला लावून निघून गेली.

तिथी—

नारिंगी गेली. हिरवी गेली. पिवळी तेवढी आहे. मिठाची. तारेला बोट लागलेलं नाही. माझे डोळे कोरडे—

दिवा विझवला. पडदे ओढून काढले, बाहेर टळटळीत दुपार. रेघ आहे. थरथरते, थांबते, पुन्हा—

कागदावर थेंब पडला. माझा नाही.

उभ्या जन्मात हिचं नाव तोंडानं घेतलं नाही. तुळजा, रडू नको गं. पाणी आणतो, मी आत्ता—