हिरव्या सिग्नलले थांबवलेली गाडी

बल्लारपूर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज आरमोरीच्या मास्तरीणबाईले फोनवरून कॉम्प्युटरच्या गेममधली रेल्वे चालवणं शिकवत होतो. म्हटलं, सिग्नल दिसला का मोठ्यानं पुकारा. सोबतचा ड्रायव्हर तोच शब्द परत म्हणते, असा नेम आहे.

बाई ओरडल्या, "हिरवा!"

अन् मी स्वयंपाकघराकडं कान लावून बसलो. रेल्वे ड्रायव्हरीतून रिटायर झाल्यावर मी हा गेम खेळाचो, तवा माझी बायको सुमन तांदूळ निवडता निवडता तिथूनच "हिरवा" म्हणे. उन्हाळ्यात तिचं सरण मीच पेटवलं, तरी हे कान मूर्खच.

"भाऊ, उत्तर द्या ना! सिग्नल जवळ येऊन राह्यला!"

मले "हिरवा" म्हणताच नाई आलं. साऱ्या नोकरीत असं कधी केलं नाई. सिग्नल हिरवा, अन् मी बाईले म्हटलं, गाडी थांबवा.