पाच छोले, एक टोमॅटो

डार्मश्टाट, मंगळवार संध्याकाळ

समीर म्हणतो, तो लॉटरी खेळत नाही. मग अमेरिकेतली ती अनेक राज्यांची मिळून असलेली लॉटरी त्याला इतकी पाठ कशी? आज जेवताना लेकीला, इराला, समजावत होता. ताटाच्या कडेला पाच छोले मांडले, हे पांढरे चेंडू. शेजारी छोटा टोमॅटो, हा लाल. तिकिटावरच्या आकड्यांशी सहाही जुळले तर मोठं बक्षीस. कुणालाच लागलं नाही, तर रक्कम पुढच्या सोडतीत जाते आणि फुगत राहते. आधी थोडीच राज्यं होती, मग वाढत गेली. नंतर त्यांनी ज्यातून हे सहा काढतात ते चेंडूच वाढवले. म्हणजे जिंकणं आणखी अवघड, आणि लोक उलट जास्तच खेळायला लागले! मला तर सरळ लबाडी वाटते. हा मात्र कौतुकानं सांगत होता.

शेवटी म्हणाला, काही राज्यांत जिंकणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं. हे कशाला शोधून काढलं यानं? पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला चाललाय. कुठल्या राज्यात, विचारलं, तर "अगं, तिकडेच," म्हणे.

"आणि लागली तर आधी मला सांगशील, की आईंना?"

पगारवाढ झाली तरी देवापुढे साखर ठेवून लगेच आईंना फोन करणारा हा माणूस. हसून म्हणाला, "कुणालाच नाही."

"इश आउख निष्ट," इरा जर्मनमध्ये म्हणाली. म्हणजे तीपण नाही!

ताटं उचलताना पाहिलं, छोले पाचही जागेवर. टोमॅटो गायब. कुणी खाल्ला, विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकानंही सांगितलं नाही.