आरशावरची लाल पट्टी

प्रिय दादा,

शुक्रवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून टपालावर न सोडता तुमच्या बाजूला माल घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरकडे देणार आहे. फोन करता आला असता. पण फोनवर जरा अवघड विषय निघाला की तुझं 'समोर गाडी आली, ठेवतो' सुरू होतं. पंचवीस वर्षं तुझ्या समोर एकसारखी गाडी येतेच आहे. शिवाय मी बोलायला लागले की रडते, आणि मग मूळ विषय राहतो बाजूला आणि तू माझी समजूत काढत बसतोस. तुझ्याकडून समजूत काढून घ्यायची माझी आता तयारी नाही. तेव्हा गाडी नीट बाजूला घे, हँडब्रेक ओढ आणि सावकाश वाच.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिभेला काही झालेलं नाही. मी सकाळी फरशांची पहिली फेरी घेऊन निघाले की अजून खिडकीतून ओरडते, 'सावकाश जा गं,' जशी काही मी कोपऱ्यावर भाजी आणायला चालले आहे. दुपारी शेजारच्या काकू येऊन तिच्याबरोबर जेवतात, दोघी मिळून सगळ्या गल्लीची उणीदुणी काढतात, आणि संध्याकाळी सहाला मी घरात असते. हे मुद्दाम इतकं तपशिलात लिहिते आहे. आईचं कसं होणार, हीच तुझी काळजी होती ना?

नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे परत आले, ते दिवस आठवतात? दिवसभर गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या आणि रात्री छताकडे बघत पडायचं. एका रविवारी मी तुला म्हटलं, मला ट्रक शिकव. तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. म्हणालास, 'पाय तरी पोचतील का क्लचवर?' पण पुढच्या रविवारी सकाळी दारात गाडी घेऊन उभा होतास. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आपण किती रविवार काढले! पहिल्या दिवशी तू मला गाडी चालूच करू दिली नाहीस. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक टायरला लाथ घालायची, खाली वाकून कुठे काही गळतंय का बघायचं. मग इंजिन सुरू करून ब्रेकच्या हवेचा काटा वर चढेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. 'हवा भरल्याशिवाय जो गाडी हलवतो, तो ड्रायव्हर नव्हे, आपत्ती,' हे तुझंच वाक्य. मी आजही काटा वर आल्याशिवाय गिअरला हात लावत नाही. खरं सांगू, त्या वर्षात मी फक्त त्या आवारातच मोकळा श्वास घेत होते. तू शिकवलंस त्यातलं बरंचसं सोन्यासारखं होतं, म्हणून तर बाकीचं इतकं लागलं.

अडलं ते मागे घेण्यात. परीक्षेत असतात तशा दोन पिंपांच्या मधून तो लांबलचक हौदा उलटा आत घालायचा म्हटलं की माझं डावं-उजवं एक व्हायचं. तेव्हा तू युक्ती काढलीस. उजव्या आरशावर लाल चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावलास आणि सांगितलंस, पिंपाची कड या पट्टीला लागली की स्टिअरिंग पूर्ण फिरव, डोकं अजिबात चालवू नकोस. मी डोकं चालवलं नाही आणि गाडी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. त्या दिवशी अकरा वेळा घातली आणि अकराही वेळा बरोबर बसली.

पहिल्या परीक्षेला तू रजा काढून आलास. गाडी आपली आपणच न्यायची होती, म्हणून तुझीच नेली. माझी पाळी यायच्या आधी तू खांद्यावरचं फडकं काढलंस, पायरीवर चढलास आणि दोन्ही आरसे स्वतः पुसलेस. रांगेतल्या पोरांकडे मी ऐटीत बघितलं, की बघा रे, भाऊ असावा तर असा. पिंपाची कड पट्टीला लागली, मी स्टिअरिंग फिरवलं आणि मागे धाडकन आवाज झाला. पिंप आडवं. दोन महिन्यांनी दुसरी परीक्षा. पुन्हा तुझी रजा, पुन्हा तेच फडकं, पुन्हा पिंप आडवं. परीक्षक साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याचं नाव पुकारलं. तू मला चहा पाजलास आणि म्हणालास, 'सगळ्यांनाच सगळं जमत नाही गं. छोटा टेम्पो चालव, नाहीतर खोकीच बरी.' मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तू त्याच फडक्याने माझे डोळे पुसलेस.

त्या संध्याकाळी, तुझी दोन दिवसांची मजुरी माझ्यापायी बुडाली याची लाज वाटून, मी तुझी गाडी धुवायला काढली. ऊन तिरकं येत होतं. आरशावर पट्टीच्या शेजारी, दोन बोटं आतल्या बाजूला, तेवढ्याच आकाराची एक चौकट दिसली. जुन्या गोंदाच्या कडेने धूळ बसून काळी रेघ झाली होती. म्हणजे पट्टी आधी तिथे होती. मला वाटलं, उन्हाने गोंद पातळ होऊन सरकली असेल. परत जागेवर लावावी म्हणून मी ती सोलली आणि उलटी केली, तर चिकट बाजूवर अंगठा उमटलेला होता. मधोमध आडवी चीर असलेला अंगठा. पट्टी उन्हाने सरकली नव्हती, दोन्ही परीक्षांना आरसे पुसताना फडक्याआड तूच ती सोलून सरकवली होतीस.

दादा, तो अंगठा मी आंधळी झाले तरी ओळखेन. मी पाच वर्षांची असताना तू मला पत्र्याच्या डब्याचा ट्रक करून दिला होतास, तेव्हा तो कापला होता. आईने ट्रक फेकून देऊ नये म्हणून तू तिला सांगितलंस की कुंपणावर पडलो. माझ्यासाठी पहिलं खोटं तू त्या अंगठ्यापायी बोललास, आणि तोच अंगठा पुढे माझ्यावर असा उलटला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पट्टी तू सरकवून लावली होतीस तिथेच मी परत चिकटवली आणि किल्ली तुझ्या हातात दिली. तू म्हणालास, 'छान धुतलीस.' मी मूग गिळून जेवायला वाढलं.

त्यानंतर मी तुला न सांगता बाजारामागच्या ड्रायव्हिंगच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'आरशात काय शोधतेस?' मी पट्टीचं सांगितलं, तर त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, 'पट्टीवर भरवसा ठेवला, की ती लावणाऱ्याच्या हातात गाडी गेली. तू मागचं चाक बघ आणि जमीन बघ.' सहा आठवडे त्यांनी मला चाक आणि जमीन यांखेरीज काही बघू दिलं नाही. त्यांच्या खुळखुळ्या गाडीत मी पास झाले. लायसन्स आलं तेव्हा तू सीटवर ठेवायला जाड उशी घेऊन आलास आणि चारचौघांत म्हणालास, 'माझी चेली आहे.' दोन वर्षं मी त्या उशीवर बसते आहे. उशी चांगली आहे, त्यात तिचा काय दोष?

का केलंस, ते आईकडून कळलं. तिला यातलं काही माहीत नाही, ती सहज बोलून गेली. तू तिला म्हणाला होतास, 'ही गाडी घेऊन रस्त्याला लागली तर तुझ्याकडे कोण बघणार? नापास झाली तर बरंच.' महिन्यातले पंचवीस दिवस तू बाहेर, तेव्हा तुझी भीती मला कळते. पण हे तू मला म्हणायचं होतंस. नुसतं म्हणाला असतास, 'थांब गं, आई एकटी पडेल,' तर मी थांबले असते. अगदी बिनतक्रार थांबले असते. तू विचारलंच नाहीस. मला मूर्ख ठरवणं तुला जास्त सोपं वाटलं, आणि मी दोन महिने स्वतःला खरोखर मूर्ख समजत होते. याचा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

तरी हे सगळं मी माझ्याबरोबर चितेवर नेलं असतं, पत्र लिहिलं नसतं. पण काल तू लेकीला घेऊन आईला भेटायला आलास. तू आत आईशी बोलत होतास तेव्हा पोरीने मला हात धरून बाहेर नेलं. 'आत्या, चार महिने शिकतेय, शुक्रवारी परीक्षा, तुला दाखवायचं होतं.' तुझ्या केबिनमध्ये चढून तिने मोठ्या कौतुकाने उजवा आरसा दाखवला. 'ही बाबांची युक्ती. बाबा म्हणालेत, त्या दिवशी रजा काढून येणार, आरसेसुद्धा स्वतः पुसून देणार.' लाल पट्टी, नवी कोरी. कदाचित तुझ्या मनात या वेळी काही नसेल. तुझ्याबद्दल असंच चांगलं धरून चालले आणि मी दोनदा नापास झाले. मी तिला काही सांगितलेलं नाही, तुझ्याबद्दल बोलताना तिचा चेहरा कसा होतो ते मला बघवलं नाही. मी फक्त खोक्यांवर नंबर टाकायचा पांढरा रंग आणला आणि पट्टीच्या चारी बाजूंनी काचेवर बारीक रेघ ओढली. तिला वाटलं आत्याचीही काहीतरी युक्ती असेल, हसली. तो रंग फडक्याने जात नाही, मी पुसून बघितला आहे; पट्टी हलली तर रिकामी चौकट तिलाही दिसेल. तिला पाठवायची भीती वाटत असेल तर तिच्यासमोर बसून तिला तसं सांग. आणि शुक्रवारी सकाळी आरसे पुसायला पायरीवर चढशील, तेव्हा त्या रेघेच्या आत आधी नीट बघ आणि मगच हात लाव.

इतकं होऊनही तुझीच,
धाकटी