उन्हात वाळवलेले सेल

४ ऑक्टोबर १९६८, वेसावे

धाकट्या भावाच्या, महादूच्या, होडीवरचा ट्रान्झिस्टर दुरुस्त झाला. तार सुटली होती – डाख दिला, लगेच बोलायला लागला. रेडिओकामाची शाळा नाही पाहिली, पण पेट्या उघडून उघडून एवढं शिकलो.

महादूने त्यात चार कोरे सेल घातलेत. माझे आपले पत्र्यावर वाळत पडलेले. एकदा ऊन दाखवलं की सेलवर पेन्सिलीची एक फुली मारतो. यांच्यावर तीन-तीन झाल्या. ऊन खाल्लं की दोन-चार दिवस बरे बोलतात.

अदलाबदल केली! त्याचे माझ्या घरच्या रेडिओत, माझे त्याच्या ट्रान्झिस्टरात. होडीवर हवामान तेवढं ऐकायचं, त्याला कितीसा दम लागतो? मला रोजचं कीर्तन अख्खं ऐकायचं असतं.

बायकोने, मंजुळाने, पाहिलं. म्हणाली, "तो पाण्यावर जातो, तुम्ही खाटेवर बसता." मी म्हटलं, तू चूल बघ.

५ ऑक्टोबर

होडी गेली, आठवडाभरासाठी. मंजुळानेच भाकऱ्यांबरोबर ट्रान्झिस्टर बंदरावर नेऊन दिला.

८ ऑक्टोबर

ऐन कीर्तनात माझा रेडिओ घोगरा झाला आणि बसला. कोरे सेल, चार दिवसांत! मंजुळावर तोंड सोडलं – दिवसभर गाणी लावून सेल खाल्लेस म्हणून. शेजारची विमला दारात उभी होती, तिच्यादेखत.

"खाल्ले असतील," एवढंच म्हणाली. दुपारी पिशवी भरून मानखुर्दला बहिणीकडे गेली. मी रेडिओ फळीवर टाकला. उघडूनही पाहिला नाही.

११ ऑक्टोबर

काशीरामच्या हॉटेलात रेडिओवर ऐकलं – समुद्रात वादळ, होड्यांनी किनारा गाठावा. चहा तसाच ठेवून उठलो.

महादूला हे ऐकू आलं असेल का? कसं येणार! माझे मेलेले सेल त्याच्याकडे. कीर्तनापायी सख्ख्या भावाचे कान काढून घेतले मी.

त्याची बायको कमळ येऊन म्हणाली, "भावोजी, तुम्ही रेडिओ नीट केलाय ना, मग मला घोर नाय." मान डोलावली.

१२ ऑक्टोबर

जेवण नाही. वारा थांबत नाही. मंजुळा असती तर तिला तरी सांगितलं असतं.

१३ ऑक्टोबर

होडी आली! सगळे धड. मी महादूच्या गळ्यात पडलो, तो हसायला लागला. "दादूस, रेडिओ झकास बोलला. वादळाचं आयकलं नि सातपाटीच्या खाडीत शिरलो. नायतर वाट लागली व्हती."

तीन फुल्यांचे सेल इतके दिवस कसे बोलले?

१४ ऑक्टोबर

फळीवरचा माझा रेडिओ उघडला. आत चार सेल. प्रत्येकावर तीन फुल्या, माझ्याच हातच्या.

बंदरावर जाण्याआधी घरातच मंजुळाने ते परत बदलले होते. आणि विमलादेखत माझं ऐकून घेतलं.

सदरा घातलाय. मानखुर्दला निघालो.